शेगडीखालची वाळू

२ डिसेंबर

ठोंब्या,

आई काल सुखरूप पोचली. तिच्याबरोबर तुझी वाळूची गोणीही पोचली. बसच्या टपावरून ती उतरवताना ड्रायव्हरने आईला विचारलं, "आजी, घर बांधताय का?" आई म्हणाली, "नाही रे, लेकीला परीक्षा घ्यायचीय."

वाळू चांगली आहे. बारीक, एकसारखी, खड्याचं नाव नाही. यंदा प्रयोगशाळेत आलेली वाळू इतकी खडबडीत होती की मुलांचे गाळणकागद फाटायचे. हे मी आईजवळ जाता जाता बोलले होते. तिने ते तुझ्या कानावर घातलं आणि तू मुकाट्याने गोणी भरून, तोंड शिवून दिलीस. शिवण मात्र काय रे ती. एके काळी आईच्या मशीनवर माझ्या बाहुलीचे झगे शिवणारा तू, आणि गोणीचे टाके हे असे आडवेतिडवे. हातात सुई धरायला लाज वाटते की काय आता?

वाळू पाठवलीस, चार ओळी नाही पाठवल्यास. असू दे. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मी एवढं काय बोलले होते ते मला अजून कळलेलं नाही. तापमापकांचा तो बंद पडलेला कारखाना सुतारकामाला घेऊ नकोस, गावापासून लांब आहे, ओल आहे, बायकोपोरीला तिथे राहायला नेऊ नकोस, एवढंच. तू घेतलास. मी गप्प बसले. आणि तिथला पहिला हिवाळा सरला तसं तुझं ते पत्र आलं. 'माझ्या उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडं मोडीन.' मोठ्या बहिणीला. अक्षर तर निव्वळ कोंबडीचे पाय. तुला सांगते, मजकुरापेक्षा ते अक्षर मला जास्त लागलं. वाटलं, माझ्यासाठी चार शब्द नीट लिहावेत एवढीही माझी किंमत उरली नाही. ते पत्र मी टाकलेलं नाही, कपाटात आहे.

बरं, भांडण राहू दे. भिंगरीचं काय? आई आल्यापासून तिच्याबद्दलच बोलतेय. सहा वर्षांची पोर, घरभर गिरक्या घेत असायची म्हणून तर मी तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि आता म्हणे कोपऱ्यात बसून असते. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणते. तळहात-तळपाय लालगुलाबी झालेत, सालं निघतात. जेवायला बसवलं की रडते. तुमच्या डॉक्टरने जंत सांगितले, वहिनीला वाटतं हट्टीपणा. आणि तू म्हणे पोरीवर खेकसतोस. तू? आईने तिच्या हातात घातलेली सोन्याची बारीक बांगडीही निस्तेज पडलीय, आई सोनाराच्या नावाने बोटं मोडतेय.

पोरीला दुसऱ्या डॉक्टरला दाखव. माझं म्हणणं म्हणून नको, आईचं म्हणून दाखव.

तुझी ताई

ता. क. आईच्या पायांसाठी वाळूच्या शेकाची पिशवी शिवून दिलीस, ती तिला फार आवडलीय. रोज तव्यावर गरम करून पायाशी घेते. भिंगरीलाही तशीच एक आहे म्हणाली.

९ डिसेंबर

ठोंब्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आज तुझ्या वाळूने माझी इतकी पंचाईत केली की तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आज अकरावीची पहिली तुकडी होती. दरवर्षीचा प्रयोग. प्रत्येकाला दहा ग्रॅम मिश्रण द्यायचं, त्यात लोखंडाचा कीस, नवसागर, मीठ आणि वाळू. चारही पदार्थ वेगळे करायचे आणि कुठला किती टक्के ते काढायचं. तू दहावीला हाच प्रयोग माझ्या वहीतून उतरवून काढला होतास आणि माझी चूकही इमानदारीने उतरवली होतीस, आठवतंय का? बाईंनी दोघांनाही बाहेर उभं केलं होतं.

आधी चुंबक फिरवायचं, लोखंड चिकटून येतं. चुंबकाला कागद गुंडाळायचा, नाहीतर मग कीस सुटता सुटत नाही. मग उरलेलं बशीत घेऊन तापवायचं. वर नरसाळं उपडं ठेवायचं. नवसागराची वाफ होते आणि नरसाळ्याच्या थंड काचेवर तो पांढरा जमतो, तो खरवडून घ्यायचा. मग पाणी. मीठ पाण्यात उतरतं, वाळू गाळणकागदावर राहते. पाणी आटवलं की मीठ हाती येतं. सगळ्यांची वजनं करायची, बेरीज दहा यायला हवी.

दहा कधीच येत नाही. सांडतं, उडतं, कागदाला चिकटतं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी कधी बदललेली पाहिली नव्हती. वाळूचं वजन जास्त भरतं. पोरांना घरी जायची घाई, वाळू पुरती वाळवत नाहीत, ओलीच तराजूत टाकतात. म्हणून वाळू जास्त. ठरलेलं आहे ते.

आज वाळू कमी आली. एकाची नाही, सगळ्यांची. चार ग्रॅम घातली होती, कुणाची तीन पूर्णांक नऊ, कुणाची त्याहून कमी. आणि नरसाळ्यावरचा नवसागर पांढरा सोडून मळकट. मी नेहमीप्रमाणे तोंड सोडलं. चुंबक नीट फिरवत नाही, बर्नर वर करता, काजळी धरते, वगैरे. तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, सगळ्यांचा एकच पदार्थ कसा काय हरवेल?"

मी तिला खाली बसवलं. पण बरोबर होतं तिचं. सांडायचं तर कुणाचं मीठ सांडेल, कुणाचं लोखंड. सगळी तुकडी मिळून एकटी वाळू कशी सांडेल?

वर्ग सुटल्यावर डोकं धरून बसले. दुखत होतं. प्रयोगशाळेत हवा कोंदते. वजन करताना तराजूचा काटा हलू नये म्हणून मी पंखा लावू देत नाही, खिडक्याही लावून घेते. पोरं मला त्यावरून काय नाव ठेवतात ते मला माहीत आहे.

आईलाही बरं नाही. जेवताना तोंड वाकडं करते. म्हणते, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. माझ्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची तिची ही नवी रीत असेल असं मला वाटलं होतं, पण ती खरंच जेवत नाहीये.

भिंगरीला दाखवलंस का?

ताई

११ डिसेंबर

ठोंब्या,

आज तुझ्या वाळूवर एकटीने प्रयोग केला. लोखंड नाही, मीठ नाही, नवसागर नाही, नुसती वाळू. तू हसशील, पण पन्नाशीच्या बाईला दुसरा काय विरंगुळा.

नीट ऐक, म्हणजे तुला राग येणार नाही. आईला मी सारखं विचारून विचारून सगळं काढून घेतलं. ती वाळू तू नदीवरून आणलेली नाहीस. कारखान्याच्या मागच्या दालनात कामगारांची बाकं होती, त्यांच्या खाली लांबच लांब पेट्यांत ती भरलेली होती. तुला फुकटात सोनं मिळाल्यासारखं झालं. लाकडी फरशी जळू नये म्हणून तू ती बैठकीतल्या धुराडं असलेल्या शेगडीखाली पसरलीस, उरलेल्या वाळूचा भिंगरीसाठी खेळायचा हौद केलास, तोही त्याच खोलीत, शेगडीजवळ, पोरीला थंडी लागू नये म्हणून. चांगलं केलंस. बाप आहेस.

आता माझं निरीक्षण. वीस ग्रॅम वाळू घेतली, बशीत तापवली. वीसची साडेएकोणीसच्या खाली आली. पुन्हा तापवली, आणखी थोडी उतरली. मग मात्र वजन हललं नाही. म्हणजे जे काही जायचं होतं ते गेलं. वर नरसाळ्याला राखाडी धूसर थर आला होता, तो मी फडक्याने पुसून टाकला. कारखान्याचं तेल असेल, वंगण असेल, जुनी काजळी असेल. काचेचं काम म्हटलं की ज्योती आल्या, धूर आला. इतकी वर्षं बाकाखाली पडलेल्या वाळूत काय काय मुरलं असेल.

तेव्हा तुझी वाळू वाईट नाही. मी उगाच तिला नावं ठेवतेय असं समजू नकोस. फक्त मळलेली आहे. चांगला ताप दिला की जे आहे ते उडून जातं आणि खाली स्वच्छ वाळू राहते. पांढरीशुभ्र निघाली रे भाजल्यावर, बघत राहावी अशी. माझ्या पद्धतीने करायचं तर खिडक्या लावून, वारा लागू न देता, थोडी थोडी घेऊन, वजन हलायचं थांबेपर्यंत.

तोवर भिंगरीला त्यात खेळू देऊ नकोस. पोरीच्या हातांची सालं त्या मळाने निघत असतील असं माझ्या मनात येतंय. कदाचित तेवढंच असेल. मी तुझ्याशी इतकं गोड कधी बोलले नसेन, तेव्हा निदान या खेपेला तरी ऐक.

ताई

१५ डिसेंबर, दुपार

शेगडी विझव. हे पत्र वाचून पुरं व्हायच्या आधी उठ आणि शेगडी विझव. पाणी ओतू नकोस, नुसती लाकडं ओढून बाहेर ने. सगळ्या खिडक्या, सगळी दारं उघड. भिंगरीला, वहिनीला घेऊन बाहेर पड. थंडी वाजली तर वाजू दे.

आता सांगते. वाळूत पारा आहे.

आज सकाळी भांडी घासायला अंगठी काढली तर ती पांढरी. माझी अंगठी, सोन्याची, लग्नातली. आतून पिवळी, बाहेरून चांदीसारखी. त्या दिवशी ज्या हाताने मी नरसाळं पुसलं त्याच हाताची. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मी तशीच ओल्या हाताने प्रयोगशाळेत गेले. पुन्हा वाळू तापवली, या वेळी काचेच्या बंद कपाटात, जिथून धूर नळीने बाहेर जातो. नरसाळ्यावर तोच राखाडी थर. पुसला नाही. काडीने खरवडला. काडीपुढे तो गोळा होत गेला आणि त्याचा थेंब झाला. चकचकीत. बशी कलती केली तर घरंगळला.

काजळी म्हणाले होते मी. खरवडून बघितलं नाही, फडक्याने पुसलं. अकरावीच्या पोरीने हे केलं असतं तर तिला मी तासभर उभं केलं असतं.

ते कामगार पारा भरायचे काचेच्या नळ्यांत. हातून सांडलेला थेंब घरंगळत जाऊ नये म्हणून बाकांखाली वाळूच्या पेट्या. वर्षानुवर्षं सांडलेलं सगळं त्या वाळूत. शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅम येतो, मी मोजलाय. तू शेगडीखाली तीच पसरलीस. माझ्या बशीत जे होतं तेच तुझ्या बैठकीत दोन हिवाळे झालं आणि या तिसऱ्यातही चाललंय. खालून ताप, वर वाफ, आणि नरसाळ्याच्या जागी तुमची छाती.

लाल हात, सालं, उजेडाचा त्रास, जेवण नाही, रडणं. मी वाचनालयात जाऊन सगळं ताडून पाहिलं. शब्दन्‌शब्द भिंगरी आहे. जंत नाहीत, हट्ट नाही. बांगडीही सोनाराने फसवलेली नाही. आई तिकडून आली ती तोंडात तीच चव घेऊन आली. तिची शेकाची पिशवी मी चिमट्याने उचलून डब्यात बंद केलीय. भिंगरीची पिशवी तिच्या अंथरुणात असेल, ती आधी फेक. पोरीच्या पायाशी रोज गरम करून ठेवत होतात ती. तुम्हाला काय माहीत.

आणखी एक. तुझं ते पत्र मी मघाशी कपाटातून काढलं. तंगडं मोडीनवालं. पुस्तकात लिहिलंय, माणूस चिडचिडा होतो, घरच्यांवर तुटून पडतो, हात कापतो, अक्षर बिघडतं. तू कोंबडीचे पाय काढले नव्हतेस रे. तुला सरळ रेघ येतच नव्हती. गोणीचे टाकेही तसेच. आई म्हणाली होती, रंधा हातातून सुटतो त्याच्या, पटाशीने बोट कापलं. आणि मी दोन वर्षं त्या अक्षरावरून फुगून बसले. एकदा तरी येऊन तुझं तोंड बघायला हवं होतं मी. तू तंगडं मोडलं असतंस तर मोडलं असतंस.

सकाळपासून फोन करतेय. दोनदा तू उचललास, दोनदा माझा आवाज ऐकून ठेवलास. तिसऱ्यांदा नुसती घंटी वाजत राहिली. तुझ्याकडे येणारी एकच गाडी, सकाळची, ती मी अंगठी बघत बसले तेव्हाच सुटली. हे पत्र आत्ताच्या टपालाने जातंय, मी उद्या सकाळच्या गाडीने. जे आधी पोचेल ते.

मुख्याध्यापकांना सांगून प्रयोगशाळेला कुलूप लावलं. पोरांच्या घरी कळवायचंय, तपासण्या करायच्यात. ते मी निस्तरीन. तू शेगडी विझव.

१७ डिसेंबर, दवाखाना

ठोंब्या,

तुझ्या खोलीच्या बाहेर बाकावर बसलेय. आत एका वेळी एकालाच सोडतात, आता वहिनी आहे. तू डोळे उघडलेस की वाचायला हे तिथे ठेवेन. तोंडावरची नळी काढल्याशिवाय तुला विचारता येणार नाही, आणि विचारल्याशिवाय तुझ्या डोक्यात घोळ राहील. म्हणून लिहून ठेवते.

परवा तुला पत्र टपालात टाकून घरी आले तर दारात भिंगरी. वहिनीच्या कडेवर, डोळ्यांवर ओढणीचं टोक. मला वाटलं, तुझं डोकं ठिकाणावर आलं. त्यांना आत घेतलं, पोरीचे कपडे बदलले, सगळं अंगावरचं बाहेर टाकलं. वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं पत्र आलं आणि हे एकदम बदलले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, ताईने भांडण मिटवलं, आता तू पोरीला घेऊन दोन दिवस आईकडे जा, ताईकडेच आहे ती. मी तोवर घर साफ करून ठेवतो."

मी विचारलं, कुठलं पत्र. कारण वाळूत पारा आहे हे सांगणारं पत्र तर टपालपेटीत पडून तासही झाला नव्हता.

वहिनी म्हणाली, "भाजायचं लिहिलंय ना तुम्ही, ते. हौदातली, शेगडीखालची, सगळी वाळू भाजून घेतायत. तुम्ही लिहिलंय तशी."

वहिनीला काय सांगितलं ते आठवत नाही. आईला म्हटलं, पोरीला घेऊन असशील तशी मोठ्या दवाखान्यात जा, पारा म्हणून सांग, ते समजतील. वहिनीला बरोबर घेतलं आणि चौकातून मोटार केली, जी मी दुपारीच करायला हवी होती. ड्रायव्हरला सारखं, जोरात, जोरात. तो म्हणाला, बाई, घाट आहे. वहिनी रस्ताभर एकच विचारत होती, पण त्यांनी तुमचंच केलं ना? मी ड्रायव्हरला पुन्हा म्हटलं, जोरात.

दिवस मावळायच्या आत पोचलो. धुराड्यातून धूर निघत होता. दार आतून लावलेलं. खिडक्या लावलेल्या, फटींत फडकी कोंबलेली. वारा लागू न देता, लिहिलं होतं मी. वहिनी हाका मारत होती. मी अंगणातली तुझी फळी उचलली आणि खिडकीवर घातली. सगळी काच आत गेली.

तू शेगडीपुढे बसला होतास, हातात फावडं. शेगडीवर घमेलं. एका बाजूला भाजायची वाळू, दुसऱ्या बाजूला भाजलेली, तिच्यावर स्वच्छ चादर घातलेली. तोंड राखेसारखं झालं होतं आणि तू उठायला बघत होतास, उठता येत नव्हतं. मला पाहून काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. तू म्हणालास, "ताई, झालंच. हे शेवटचं घमेलं."

मग खोकला आला, तो थांबेचना.

तुला दोघींनी ओढून बाहेर आणलं. जड आहेस. मोटारवाला आधी नाही म्हणत होता, वहिनीने त्याचा हात धरला तेव्हा आला. इथे आणेपर्यंत तू काही बोलला नाहीस. डॉक्टर सांगतात, छातीत वाफ गेलीय, फुप्फुसं सुजलीत, दोन वर्षांचं एकीकडे आणि हे एका दिवसाचं एकीकडे. आजची रात्र गेली तर पुढचं बोलू म्हणतात. मी त्यांना टक्केवारी विचारली. मला दुसरं काही विचारता येत नाही. ते म्हणाले, बाई, असं सांगता येत नाही.

भिंगरी वरच्या मजल्यावर आहे. तिला औषध सुरू केलंय, पारा लघवीवाटे बाहेर पडतो त्याने. वेळ लागेल, पण ती बरी होईल, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय, खात्रीने सांगितलंय. तुला ऐकू येत असेल तर हे आधी ऐक. ती बरी होईल. आज सकाळी तिने अर्धी वाटी भात खाल्ला आणि आईला विचारलं, "बाबांनी माझा हौद साफ केला का?" आई बाहेर येऊन रडली.

तुझे कपडे मला इथल्या नर्सने पिशवीत बांधून दिले. सदऱ्याच्या खिशात माझी पत्रं होती. तिन्ही. मला वाटायचं तू न वाचता चुलीत घालतोस. घडी घालून घालून चुरगळली होती. अकरा तारखेच्या पत्रात तू सुतारी पेन्सिलीने रेघा मारल्यात, वाकड्या, पण वाक्यं सोडली नाहीस. खिडक्या लावून, याच्याखाली. थोडी थोडी घेऊन, याच्याखाली. चांगला ताप दिला की, याच्याखाली दोनदा. समासात बरोबरची खूणही केलीस, एकेक काम उरकत गेलास तशी. भिंगरीला त्यात खेळू देऊ नकोस, तिथेही खूण आहे.

जन्मभर मी तुला सांगत आले. झाडावर चढू नकोस, शाळा सोडू नकोस, तो कारखाना घेऊ नकोस. एक म्हणून ऐकलं नाहीस, आणि बरं झालं, निम्म्या वेळा माझंच चुकलेलं असायचं. मला सवय होती रे तू न ऐकण्याची. म्हणून मी बिनधास्त काहीही लिहायचे. या एकाच वेळी मी चुकीचं सांगितलं आणि याच एका वेळी तू अक्षर न अक्षर ऐकलंस.

वहिनी बाहेर येतेय, आता माझी पाळी. आत येऊन तुझ्या कानाशी सांगणार आहेच, इथेही लिहिते. श्वास घे. दुखलं तरी घे. मोठी बहीण सांगतेय म्हणून घे, मग उद्यापासून पुन्हा माझं काहीही ऐकू नकोस.

तुझी ताई